आजारांची आतली सोयरीक

शुगर निघाली की पाठोपाठ बीपी, मग हृदय, मग किडनी, हा क्रम आपल्याकडे घराघरांत पाठ झाला आहे. दवाखान्यात मात्र प्रत्येकाची फाइल वेगळी आणि डॉक्टरही वेगळे. रेणूंच्या पातळीवर ही वाटणी टिकत नाही आणि उपचार आखताना याचा विचार अजून फारच कमी होतो, असे माझे ठाम मत आहे.

एका रुग्णात एकत्र नांदणाऱ्या आजारांना १९७० साली अल्व्हन फाइनस्टाइन यांनी ‘कोमॉर्बिडिटी’ हे नाव दिले. १९८८ मध्ये जेराल्ड रीव्हन यांनी मधुमेह, रक्तदाब आणि बिघडलेली रक्तातली चरबी यांच्या मुळाशी पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात, हे कारण मांडले. इन्सुलिन वाढले की मूत्रपिंड मीठ धरून ठेवते आणि रक्तदाब चढतो. पण पेशी दाद का देत नाहीत? १९९३ मध्ये होतामिसलिगिल आणि स्पीगलमन यांना लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हा दाह पेटवणारा रेणू सापडला. तो निष्प्रभ करताच इन्सुलिनचे काम सुधारले. तोवर नुसते कोठार समजली जाणारी चरबी रेणू सोडून दूरच्या अवयवांनाही बिघडवते, हे तेव्हापासून स्पष्ट होत गेले.

दाहाचा सर्वांत विलक्षण दुवा मला स्फटिकांत दिसतो. गाउटमध्ये सांध्यात युरिक आम्लाचे सुईसारखे स्फटिक साठतात, तर धमनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉलचे. दोन्हीकडे ते गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींत एनएलआरपी-३ ही एकच यंत्रणा जागी होते आणि इंटरल्यूकिन-१ बीटा हा दाह पेटवणारा रेणू बाहेर पडतो. २०१७ च्या ‘कँटोस’ चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांपैकी काहींना या रेणूला रोखणारे औषध दिले. कोलेस्टेरॉल तसेच राहिले, तरी पुन्हा झटके येण्याचे प्रमाण घटले. गाउटचे हल्लेही निम्म्याहून कमी झाले. मधुमेह मात्र टळला नाही आणि जीवघेणे संसर्ग वाढले. एक रेणू दाबला की सगळे आजार पळतील, ही आशा तिथेच मावळली.

चरबीच्या या गोष्टीवर ‘आम्ही कुठे लठ्ठ आहोत?’ असे म्हणणाऱ्यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला एक फोटो पाहावा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाचा धोका वजनकाट्यावर कळत नाही तो असा.

हा फरक जन्मापासूनच असतो. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी त्यामानाने टिकून. निम्म्याहून अधिक आयांमध्ये बी-१२ कमी होते. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला सर्वाधिक अडथळा आढळला. कोणते जनुक चालू राहायचे आणि कोणते बंद, हे ठरवणाऱ्या मिथाइलच्या खुणा डीएनएवर उमटायला ही दोन्ही जीवनसत्त्वे लागतात. म्हणून याच गटाने पुढे ‘प्रिया’ चाचणीत तिथल्या किशोरवयीन मुलामुलींना, त्यांच्या लग्नाच्या कितीतरी आधी, बी-१२ द्यायला सुरुवात केली.