माळावरची शिकार टिपायची, तर जागेवर थांबा

यवतमाळ म्हटलं की वन्यजीव छायाचित्रकार टिपेश्वरच्या वाघांकडे वळतात. सोयाबीन निघाल्यावर ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी चराईच्या माळांवर आणि मोकळ्या शेतांवर रंगणारी शिकार त्या मानाने दुर्लक्षित राहते. इथे ना गेट, ना गाईड; त्यामुळे भोवत्या या शिकारी पक्ष्यामागे जीप पळवायला कुणी अडवत नाही. हा पाठलाग पक्ष्याला महागात पडतोच, पण त्यातून शिकारीचं छायाचित्रही हाती लागत नाही. मिळते ती पळणाऱ्या पक्ष्याची पाठ. कापशी घार पाहा. वाऱ्याला तोंड देऊन ती हवेत एका जागी फडफडते, पंख हलतात पण डोकं स्थिर असतं; मग पाय सोडून टप्प्याटप्प्याने उतरते आणि पंख उंचावून गवतात पडते. ठरावीक तारेवर, बाभळीच्या ठरावीक शेंड्यावर पुन्हा येऊन बसते. म्हणून सकाळी वारा पूर्वेचा असेल तर उन्हाकडे पाठ करून बसावं: वाराही पाठीशी येतो, घारीचा चेहरा आपल्याकडे आणि उजेडात असतो. 1/2000 सेकंदाच्या आसपासचा शटर स्पीड पुढचं काम करतो.

ट्रॅक्टरला, गुरांना पक्षी बुजत नाहीत, मग गाडीचं काय, असं विचारलं जातं. ट्रॅक्टर आपल्या वाटेने जातो. गाडी थेट पक्ष्यावर चालून येते आणि तिथेच थांबते. मध्य आशियातून हिवाळ्यापुरत्या आलेल्या भोवत्याची प्रत्येक हुकलेली झेप म्हणजे वाया गेलेली ताकद. उंदीर बांधून काम सोपं करणाऱ्यांनी 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचावा: वन्यप्राण्याला आमिष दाखवणं हे त्यात ‘शिकारी’च्या व्याख्येतच येतं.

छायाचित्रांमुळेच लोकांना पक्ष्यांची ओढ लागते, हा युक्तिवाद मात्र मला मान्य आहे. अट एवढीच की चित्रात माळ दिसला पाहिजे. सरकारी नोंदींत अशा कित्येक गवताळ जमिनी आजही पडीक ठरतात. हिरव्या धुरकट पार्श्वभूमीवर चोचीपर्यंत कापलेला भोवत्या त्या नोंदीला काहीच उत्तर देत नाही. कुसळी गवत, चरणारी गुरं आणि त्यांच्यावरून हातभर उंचीने नाकतोडे, चंडोल शोधत जाणारा भोवत्या एकाच चौकटीत आला, तर ही जमीन कुणाच्या उपयोगाची आहे ते दिसतं. भोवत्ये रात्री गवतातच, जमिनीवर एकत्र मुक्काम करतात. तेव्हा सूर्य कलला की माळ सोडा, आणि मुक्कामाची जागा छायाचित्राखाली लिहू नका.