बेटावरच्या आरामाचा हिशेब

अंदमान म्हटले की नाशिककरांना प्रथम काळे पाणी आठवते. भगूरच्या सावरकर बंधूंनी तेथे काय भोगले, हे आपल्याकडील शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आज त्याच बेटांवर आपले लोक विश्रांतीसाठी जातात. पगारी रजा कामगारांनी झगडून मिळविलेली आहे. तेव्हा श्रमिकाने चार दिवस समुद्रकाठी सुखात घालविले, तर आम्हांला आनंदच आहे. परंतु दूरच्या बेटावर हे सुख तयार कसे होते, एवढे समजून घेतले पाहिजे.

पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचे श्रीविजयपुरम, याच्या समोरच पूर्वीचे रॉस बेट आहे. पुरते एक चौरस किलोमीटरही नाही. १८५८ साली कैद्यांची वसाहत सुरू झाल्यावर इंग्रज अधिकाऱ्यांनी येथे आपले ठाणे केले. नाचघर, बेकरी, चर्च, टेनिसचे मैदान, पोहण्याचा तलाव, सारे उभे राहिले. ते उभारण्यात राबले कैदी. पुढे १९१८ पासून छोटा नागपुरातून आदिवासी मजूर नेण्यात आले. त्यांनी जंगल तोडले, रस्ते बांधले. तेथे त्यांना 'रांची' म्हणू लागले. माणसाची ओळख मजूर जेथून आणले त्या गावापुरती उरली.

आता स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, घ्या. राधानगरच्या किनाऱ्याजवळ मोठमोठी रिसॉर्टे आहेत. पाहुण्याला नारळ, मासळी आणि वाळू बेटाची मिळते. बाकीचे बरेचसे हजाराहून अधिक किलोमीटरांवरून, चेन्नई वा कोलकात्याहून जहाजाने येते. पाऊस भरपूर पडतो, पण उतारावरून समुद्रात वाहून जातो. किनाऱ्याच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. विहीर फार उपसली की खालचे खारे पाणी वर चढते. म्हणजे पाहुण्याची अंघोळ आणि गावकऱ्याची घागर यांचा झरा एकच.

आणि माणसे? खोल्या आवरणारा, धोबी, आचारी, माळी, बोटवाला. शहरातला कामगार पाळी संपली की घरी जातो. बेटावर पुष्कळदा त्याची झोपण्याची जागाही मालकाचीच असते. नोकरी सुटली की छप्परही सुटते. शिवाय पाहुण्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात गर्दी ओसरली की कायम नसलेल्या माणसाच्या पोटाला चिमटा बसतो. कारखान्याच्या फाटकावर आम्ही सभा घेऊ शकतो, पण समुद्राला फाटक नाही!

म्हणून आमचे सांगणे एवढेच. जरूर जा. पाणी जपून वापरा. बिलात सेवाशुल्क असेल, तर ते कामगारांत वाटले जाते का, हे विचारा. खोली आवरणाऱ्याला राहायला जागा कशी आहे, पावसाळ्यात पगार चालू राहतो का, हेही विचारा. पैसे मोजणाऱ्या पाहुण्याने विचारलेला प्रश्न मालकाला झटकून टाकणे जड जाते, आणि एकट्या पडलेल्या कामगाराला तेवढाच आधार होतो.