बोधचिन्हाची घडण : चित्र आणि शब्द

बोधचिन्ह म्हटले की चित्रच डोळ्यांसमोर येते. ‘रोलिंग स्टोन्स’ या ब्रिटिश रॉक बँडची बाहेर काढलेली लाल जीभ तुम्ही एखाद्या सदऱ्यावर पाहिली असेल. १९७० मध्ये गायक मिक जॅगर यांनी लंडनमधील कलाविद्यार्थी जॉन पॅश यांना कालीमातेचे चित्र दाखवले. पॅश यांनी देवीचे बाकी सारे रूप वगळून ओठ आणि जीभ तेवढी घेतली. त्यात शब्द एकही नाही.

आता भोर-वेल्हे परिसराकडे वळू. पूर्वीच्या वेल्हे तालुक्यातील राजगडावरून कारभार करणाऱ्या शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा नेमकी उलट घडली आहे. तिच्यात केवळ संस्कृत श्लोक आहे. प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढणारी, विश्ववंद्य अशी शहाजीपुत्र शिवाची ही मुद्रा कल्याणासाठी शोभते, हा त्याचा आशय. कोर इथे कोरलेली नाही, उपमेत आहे. ती वाचणाऱ्याने मनात रेखाटायची. शहाजीराजे व जिजाबाई यांच्या मुद्रा फारसीत होत्या, हे ध्यानात घेतल्यास भाषेची ही निवड किती धीट होती ते कळते.

कल्याणाचा शब्द कोरणे तसे सोपेच. २८ जानेवारी १६४६ च्या पत्रात रांझे (ता. भोर) येथील पाटलाचे हातपाय तोडल्याची नोंद आहे. परंपरा त्याचा अपराध स्त्रीवरील अत्याचार मानते. पत्रात मात्र ‘बदअमल’ एवढाच शब्द आहे, आणि तो फारसी आहे.