विळ्याच्या आकाराची रक्तपेशी

रक्त तांबडे दिसते. परंतु त्याचा निम्म्याहून अधिक भाग फिकट पिवळ्या द्रवाचा असतो. हा रक्तद्रव अन्नरस शरीरभर पोहोचवितो. त्यात तरंगणाऱ्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी झुंजतात, बिंबिका जखमेतील रक्तस्राव थांबवितात आणि तांबड्या पेशी फुप्फुसांतील प्राणवायू सर्वत्र नेतात.

तांबडी पेशी वाटोळी, मध्ये खोलगट आणि लवचिक असते. म्हणूनच ती केसाहून बारीक वाहिनीतूनही सरकते. तिचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. आदिलाबाद जिल्ह्यातील गोंड, कोलाम समाजांत व शेजारच्या विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल विकारात मात्र प्राणवायू सोडताच ही पेशी ताठरते आणि विळ्यासारखी वाकते. अशा पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होतात. त्यामुळे रक्त कमी पडते. वाहिनी तुंबली, की असह्य वेदना होतात.

हा विकार संसर्गाने होत नाही. तो आईबापांकडून येतो. एकाकडूनच आला, तर मूल केवळ वाहक ठरते व बहुधा निरोगी राहते. परंतु दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला विकार होण्याची शक्यता चारांत एक असते.

वाहकपण चेहऱ्यावर दिसत नाही. ते रक्त तपासूनच कळते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा भर याच तपासणीवर आहे. वाहक असणे हे लांच्छन नव्हे. सोयरीक जुळविताना आपण घरदार पाहतो, चालरीत विचारतो. तेव्हाच उभयतांचे रक्तही तपासून घ्यावे.