नावात अक्षरं किती? मुलांचं मोजणं आणि संगणकाचं मोजणं



आधी एक सोपा प्रश्न. 'राम' या शब्दात अक्षरं किती? पहिलीतलं मूल म्हणेल, दोन. व्याकरणाच्या तासाला आपण सांगतो, वर्ण चार: र्, आ, म्, अ. संगणकाला विचारलं तर तो म्हणतो, तीन: र, काना, म. तिघांचंही बरोबर आहे. पण ऑनलाइन फॉर्ममध्ये मुलाचं नाव भरताना साधारणपणे संगणकाचंच मोजणं चालतं. हे माहीत नसलं की काय होतं, ते मी स्वतःच्या चुकीतून शिकले.

मी डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका, पुण्यात शिकवते. प्रोग्रामिंग हौसेनं, व्हिडिओ बघून शिकले. स्नेहसंमेलनाच्या प्रमाणपत्रांसाठी मी जँगो वापरून छोटीशी वेबसाइट केली होती. जँगो म्हणजे पायथन भाषेतला वेब फ्रेमवर्क. फॉर्म, पानं, माहितीचा साठा यांचा तयार सांगाडा. २००५ पासून तो सगळ्यांना मोफत मिळतो. त्यात नावाचा रकाना बनवताना जास्तीत जास्त लांबी किती, ते आधी सांगता येतं. मी ३० लिहिलं. कागदी फॉर्मवरच्या चौकटी डोळ्यांसमोर होत्या, दुसरं काही कारण नाही.

घरच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत चाललं. सर्व्हरवर चढवून एक्सेलमधली नावं आत घ्यायला गेले तर लाल अक्षरात एरर: मजकूर ३० पेक्षा मोठा आहे. रात्रीचे अकरा वाजलेले, सकाळी कार्यक्रम. मी एक ओळ घातली, 'नाव मोठं असेल तर पहिले ३० ठेव'. एरर गेली, मी झोपले. दुसऱ्या दिवशी स्टेजवरून खाली आलेली एक मुलगी प्रमाणपत्र पुढे करून म्हणाली, "बाई, माझं आडनाव कुठंय?"

तिचं खरं नाव लिहीत नाही, त्याच घाटाचं एक घेते: ज्ञानेश्वरी लक्ष्मीबाई दत्तात्रय क्षीरसागर. बोटांवर मोजा. ज्ञा, ने, श्व, री असं करत १७ अक्षरं होतात. तीन मोकळ्या जागा धरल्या तरी २०. म्हणजे ३० मध्ये ऐसपैस बसायला हवं. संगणक मात्र ४२ मोजतो.

कारण जोडाक्षर हा त्याच्या लेखी एक तुकडा नाहीच. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागांचा मुख्य तक्ता आहे आणि त्यातल्या प्रत्येक खुणेला स्वतंत्र क्रमांक आहे. 'क्षी' म्हणजे क, पाय मोडायची खूण, ष आणि दुसरी वेलांटी, अशा चार खुणा. गंमत अशी की हा हिशोब आपल्या व्याकरणाच्या उलटा आहे. आपण शिकवतो की क् हा मूळ वर्ण, त्यात अ मिळवला की क होतो. संगणकाच्या तक्त्यात क ही एकच खूण आणि क् लिहायला दोन लागतात. मला हे कळलं तेव्हा मी चक्क फळ्यावर मांडून पाहिलं.

तर या नावाच्या पहिल्या ३० खुणा ठेवल्या की उरतं 'ज्ञानेश्वरी लक्ष्मीबाई दत्तात्'. आडनाव अख्खं गेलं आणि वडिलांचं नाव पाय मोडून लोंबकळत राहिलं.

हेच नाव रोमन लिपीत लिहिलं तरी मोकळ्या जागांसकट ४२च भरतात, हा निव्वळ योगायोग. पण साठवताना फरक पडतो. यूटीएफ-८ या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी खुणेला तीन. म्हणजे तिकडे ४२ बाइट, इकडे १२०. काही डेटाबेस रकान्याची लांबी खुणांत मोजतात, काही बाइटमध्ये. ओरॅकलमध्ये वेगळं सांगितलं नाही तर बाइटच धरतात. एसएमएसचंही असंच काहीसं आहे. एका संदेशात १४० बाइट मावतात. इंग्रजीत त्यात १६० अक्षरं बसतात, मराठीत ७० खुणा. शाळेचा मराठी निरोप दोन-तीन एसएमएस खातो तो यामुळे.

आता घरी चाललं ते सर्व्हरवर का अडलं? घरी एसक्यूलाइट हा डेटाबेस होता. तो सांगितलेल्या लांबीकडे बघतच नाही, ४२ खुणा मुकाट्यानं ठेवून घेतो. सर्व्हरवर पोस्टग्रेस होता, तो नियम मोडू देत नाही. मायएसक्यूएलच्या ५.७ या आवृत्तीच्या आधी, म्हणजे २०१५ पूर्वी, मूळ सेटिंग असं होतं की तो जास्तीचा मजकूर कापायचा आणि फक्त एक इशारा नोंदवायचा. तो इशारा वाचतो कोण! मला लाल एरर मिळाली हे माझं नशीबच होतं. मीच ती पुसून टाकली.

खरं तर ही तपासणी डेटाबेसपर्यंत जायलाच नको. जँगोच्या फॉर्ममधून नाव भरलं तर लांबी आपोआप तपासली जाते आणि भरणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं. पण प्रोग्राममधून थेट 'सेव्ह' केलं तर जँगो ती तपासणी करत नाही. आधी 'फुल क्लीन' नावाची क्रिया आपणहून करायला लावावी लागते. माझी एक्सेल यादी थेट सेव्ह होत होती. शाळेत बरीचशी माहिती एक्सेलमधूनच आत जाते, म्हणून हे जरा ठासून सांगते.

आता मी नावाच्या रकान्याला २०० ची मर्यादा ठेवते, नाव कापणारी ओळ कुठेच लिहीत नाही आणि मर्यादा ओलांडली तर मराठीत संदेश येतो: 'नाव पूर्ण मावत नाही, कृपया शाळेत कळवा.' घरीही पोस्टग्रेसच टाकला आहे.

हे पुढे जास्त लागणार आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावाचा क्रम शासनानं बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा ठरवला आहे. ती मुलं २०३० च्या सुमारास पहिलीत येतील. तीन नावांच्या हिशोबानं आखलेले जुने रकाने तोवर बदलले नाहीत, तर शेपटाकडून कापताना आधी आडनाव जाईल, मग वडिलांचं नाव, आणि फारच आखूड असेल तर आईचंही.

पालकांनी एवढं करावं: कोणताही फॉर्म भरल्यावर छापील किंवा पीडीएफ प्रत उघडून नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावं. स्क्रीनवर भरताना दिसलं ते साठवलं गेलंच असेल असं नाही.

वर्गात याचा खेळ छान होतो. तिसरी-चौथीच्या मुलांना आपापलं नाव दोनदा मोजायला सांगा, एकदा अक्षरांत आणि एकदा संगणकाच्या खुणांत. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडणं, सगळं वेगळं धरायचं. माझ्या वर्गात 'ओम' नावाचा मुलगा दोन्ही वेळा दोनच आल्यामुळे खट्टू झाला होता. 'ॲ' आला की मात्र जपून. ही अख्खी खूण युनिकोडमध्ये २००८ साली आली. त्याआधीपासून लोक अ वर चंद्र देऊन तो दोन खुणांत लिहितात, आजही काही कीबोर्ड तसाच टाइप करतात. दिसायला दोन्ही सारखेच, पण एका यादीतला 'ॲ' दुसऱ्या यादीत शोधला तर सापडत नाही. त्यावर पुढच्या लेखात लिहीन.