जोडीचा खेळ

मुंबईहून हावड्याकडे जाणारी आगगाडी वर्धा, नागपूर, गोंदिया, राजनांदगाव अशी स्थानके मागे टाकीत दुर्ग-भिलाईला पोहोचते. १९५९ च्या फेब्रुवारीत भिलाईची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, आणि भातशेतीच्या त्या प्रदेशात पोलादाचे नगर वसले. अशा नगरातील मुलीने बॅडमिंटनची रॅकेट हाती घेतली, तर तिच्यापुढे आदर्श असतो तो बहुधा एकेरीच्या खेळाडूचा. दुर्गच्या आकर्षी कश्यपने एकेरीतच नाव मिळविले, आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत मिश्र सांघिक रौप्यपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात ती होती. दुहेरीकडे आपण होऊन वळणाऱ्या मुली मात्र विरळाच. असे का व्हावे?

पहिले कारण खेळाच्या स्वरूपातच आहे. एकेरीचे अंगण ५.१८ मीटर रुंद, तर दुहेरीचे ६.१० मीटर. पण दुहेरीत सर्व्हिस मागच्या सीमारेषेच्या ७६ सेंटिमीटर अलीकडेच पडावी लागते. त्यामुळे उंच व लांब सर्व्हिस धोक्याची ठरते आणि बहुतेक वेळा फूल जाळ्याला घासून जाईल असे हलकेच टाकावे लागते. पुढचा सारा खेळ क्षणाक्षणाचा. आक्रमण करताना एकीने पुढे व दुसरीने मागे राहावयाचे. बचाव करताना दोघींनी शेजारी-शेजारी उभे राहावयाचे. ही जागांची अदलाबदल न बोलता, न पाहता व्हावी लागते. एकेरीत खेळाडू स्वतःला ओळखतो. दुहेरीत स्वतःइतकेच दुसऱ्यालाही ओळखावे लागते.

दुसरे कारण व्यवहाराचे आहे. जागतिक क्रमवारीतील गुण जोडीच्या नावावर जमा होतात. जोडी फुटली, की नव्या जोडीदारासह तळापासून आरंभ करावा लागतो. एकीचा गुडघा दुखावला, तर दुसरीचा हंगामही वाया जातो. बक्षिसाची रक्कम जोडीला एकेरीच्या विजेत्यापेक्षा किंचितच अधिक मिळते, आणि तीही दोघींत वाटली जाते. प्रवास, आहार व शिक्षण यांचा खर्च मात्र प्रत्येकीचा पुरताच असतो.

या वाटेवरून निश्चयाने चाललेली खेळाडू म्हणजे ज्वाला गुट्टा. तिचा जन्म याच लोहमार्गावरील वर्धा येथे ७ सप्टेंबर १९८३ रोजी झाला. वडील तेलुगू, आई चिनी. आईच्या घराण्याचे नाते सेवाग्रामशी जडलेले. पुढे कुटुंब हैदराबादला गेले आणि एस. एम. आरिफ यांच्या हाताखाली ही डावखुरी मुलगी तयार झाली. २००० साली श्रुती कुरियनच्या साथीने तिने कनिष्ठ व वरिष्ठ अशा दोन्ही गटांत दुहेरीचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले.

तिच्या आधी या क्षेत्रात कोणी नव्हतेच, असे नाही. पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधर यांच्या कन्यांनी १९४० नंतरच्या दशकात राष्ट्रीय स्पर्धा गाजविल्या होत्या. १९७८ साली एडमंटन येथे अमी घिया व कंवल ठाकरसिंग यांनी राष्ट्रकुल स्पर्धेत दुहेरीचे कांस्यपदक मिळविले होते. परंतु ज्वाला व कूर्गची अश्विनी पोनप्पा यांच्या जोडीने या परंपरेला नवी उंची दिली. २०१० साली दिल्लीत त्यांनी राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. २०११ साली लंडन येथे जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. १९८३ साली प्रकाश पदुकोण यांनी मिळविलेल्या पदकानंतर, अठ्ठावीस वर्षांनी, भारताला लाभलेले हे त्या स्पर्धेतील दुसरे पदक होते.

दुहेरीचे दैव किती नाजूक असते, हे पुढच्याच वर्षी दिसून आले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ज्वाला व अश्विनी जपानच्या जोडीकडून हरल्या, पण चिनी तैपेई व सिंगापूर यांच्या जोड्यांना त्यांनी हरविले. गटात तीन जोड्यांचे दोन-दोन विजय झाले आणि गुणांच्या हिशेबात भारतीय जोडी अवघ्या एका गुणाने मागे पडली. गटातील जपान व तैपेई यांच्या सामन्याविषयी भारताने नोंदविलेली तक्रार मान्य झाली नाही. त्याच स्पर्धेत, सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून मुद्दाम हरल्याबद्दल चार जोड्या बाद ठरविण्यात आल्या. त्यानंतर नियम बदलला, आणि गटातील दुसऱ्या क्रमांकाच्या जोड्यांच्या पुढील लढती चिठ्ठ्या टाकून ठरू लागल्या.

ऑलिंपिकनंतर ज्वालाने काही काळ विश्रांती घेतली, तेव्हा अश्विनी प्रज्ञा गद्रेबरोबर खेळली. जुनी जोडी पुन्हा जमली. २०१४ साली ग्लासगो येथे तिने रौप्यपदक व २०१५ साली कॅनडा खुल्या स्पर्धेचे अजिंक्यपद मिळविले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मात्र ती गटातील तिन्ही सामने हरली. पुढे ज्वालाने हैदराबाद परिसरात स्वतःची प्रबोधिनी उभारली.

दुहेरीकडे एकेरीत न जमलेल्यांचे आश्रयस्थान म्हणून पाहिले जाऊ नये, असे ज्वालाने उघडपणे अनेकदा मांडले. २०२२ साली त्रिसा जॉली व गायत्री गोपीचंद यांची जोडी ऑल इंग्लंड स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचली, आणि २०२३ सालीही पोहोचली. पोलादनगरीतील एखादी मुलगी उद्या दुहेरी निवडील, तर तिला या दोन पिढ्यांची वाट दिसेल. पण वाट दिसणे पुरेसे नाही. तिला साथ देणारी दुसरी मुलगी हवी, दोघींना एकत्र वाढविणारा गुरू हवा, आणि त्यांची जोडी टिकेल इतका काळ धीर धरणारी संस्थाही हवी. जोडीच्या खेळाला समाजाचीही जोड लागते.