जुने घर घेताना

'लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून' अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याने ही म्हण केली, त्याने दुसऱ्याने बांधलेले घर विकत घेतले नसावे. नाहीतर त्याने म्हणीला आणखी एक चरण जोडले असते. बांधणाऱ्याला पायात काय घातले ते ठाऊक असते. घेणाऱ्यापुढे असते ती रंग दिलेली भिंत.

आज हा विषय घेण्याचे कारण असे, की खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या भागांत मुलगा पिंपरीच्या किंवा चाकणच्या कारखान्यात लागला, की घरात एक बोलणे हमखास निघते: "तिकडंच एखादं जुनं बैठं घर बघायचं का?" निवृत्तीला आलेले शिक्षकही फंडाच्या पैशांचा असाच विचार करतात. विचार वाईट नाही. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ साली पिंपरीला स्थापन झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण निघाले. आणि या कारखानदारीबरोबर कामगारांनी, कारकुनांनी, इंजिनियरांनी आपापली स्वतंत्र घरे बांधली. आता त्यांतल्या पुष्कळ घरांतली मुले दूर गेली, घरे विक्रीला निघतात. पुढे अंगण, मागे पेरूचे झाड, डोक्यावर कुणी नाही. खेड्यातल्या माणसाला असे घर पाहिले की आपलेसे वाटते. पण मंडळी, मन बसले की डोळे मिटतात, म्हणून आधी डोळे उघडून पाहायचे.

माझ्या परिचयाच्या एका शिक्षकांबरोबर मी असेच एक घर पाहायला गेलो होतो. पवनेच्या काठापासून ते फार दूर नव्हते. घर नीटनेटके, दारे सागवानी, किंमतही बेताची. गुरुजी खूश झाले. बाहेर पडताना मला दिसले, की घराचा रंग कमरेइतक्या उंचीपर्यंत ताजा आहे आणि वर जुना. शेजारच्या कुंपणाच्या भिंतीवर त्याच उंचीला गाळाची एक फिकट रेघ होती. दारात एक आजी निवडत बसल्या होत्या. त्यांना विचारले, तर त्या सहज म्हणाल्या, "पवनामाई येते की! पाऊस जास्त झाला की आम्ही धान्य माडीवर चढवतो." ज्या घरात आम्ही गेलो होतो, त्याला माडीच नव्हती. गुरुजींनी ते घर घेतले नाही.

त्या दिवशी मला एक गोष्ट उमगली, आणि आजच्या बोलण्याचे सारही तेच आहे. घराचे दोष दोन जातींचे असतात. एक, पैसे आणि गवंडी मिळाले की दुरुस्त होणारे. दुसरे, कितीही पैसे ओतले तरी न हटणारे. गळकी गच्ची पहिल्या जातीची. नदीची जागा, जमिनीचा हक्क, शेजार ही दुसऱ्या जातीची. बहुतेक लोक पहिल्या जातीचे दोष आधी शोधतात आणि त्यांवर किंमत पाडून घेतल्याच्या आनंदात दुसरे विसरतात. क्रम उलटा हवा.

तेव्हा पहिला प्रश्न पाण्याचा. या शहरातून पवना वाहते, उत्तरेच्या अंगाने इंद्रायणी आणि दक्षिणेच्या अंगाने मुळा. नद्यांच्या दोन पूररेषा नकाशावर आखलेल्या असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येईल असा पूर जिथवर पोचेल ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येईल असा पूर जिथवर पोचेल ती लाल. निळ्या रेषेच्या आत घरे बांधायला मनाई आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये निर्बंध आहेत. ही रेषा कागदावरची म्हणून सोडून देऊ नका. चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या रेषेत उभे राहिलेले ३६ बंगले १७ मे २०२५ रोजी महानगरपालिकेने पाडले. राष्ट्रीय हरित लवादाने २०२४ साली तसा आदेश दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला. लोक तिथे राहत होते. भिंती किती मजबूत होत्या, हा प्रश्नच तिथे उरला नाही.

दुसरी गोष्ट 'रेड झोन'ची. पुराची लाल रेषा वेगळी आणि हा रेड झोन वेगळा. ऐकताना घोटाळा होतो म्हणून सांगतो. देहूरोडला आणि दिघीला लष्कराचे दारूगोळ्याचे साठे आहेत. १९०३ च्या संरक्षणविषयक कायद्याखाली अशा साठ्याभोवती दोन हजार यार्डांपर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेदोन-दोन किलोमीटर, बांधकामावर बंधने घालता येतात. तळवडे, चिखली, निगडी, दिघी या बाजूंची काही वस्ती या कक्षेत आहे. म्हणून नगररचना विभागात जाऊन सर्व्हे नंबर सांगायचा आणि तीन गोष्टी लेखी मागायच्या: पूररेषा कुठे, रेड झोन कुठे, आणि विकास आराखड्यातला एखादा रस्ता या घरावरून जातो का?

तिसरी गोष्ट कागदांची. "घरपट्टी आमच्या नावावर आहे की," असे मालक म्हणतो. घरपट्टी म्हणजे मालकी नव्हे. अनधिकृत बांधकामांवरचा शास्तीकर २०२३ साली माफ झाला, त्यामुळे काहींना वाटले घर कायदेशीर झाले. तसे झालेले नाही. मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला मागा. जागा दोन-तीन गुंठ्यांची असून सातबारावर दहा जणांची नावे असतील, तर थांबा. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ साली झाला. या घराची गुंठेवारी खरोखर नियमित झाली का, त्याचा दाखला पाहा. प्राधिकरणाचे भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले होते. प्राधिकरण २०२१ साली विलीन झाले, पण म्हणून भाडेपट्टा विलीन झाला नाही. किती वर्षे उरली आणि हस्तांतराला परवानगी कुणाची, हे विचारून घ्या.

चाकणसारख्या ठिकाणी गावठाणातले जुने घर असेल, तर त्याला सातबारा नसतो. नगर भूमापन झाले असेल तर मालमत्ता पत्रक असते. नसेल तर करआकारणीचा उतारा पुढे करतात, आणि तोही मालकीचा पुरावा नव्हे. वडिलोपार्जित घरात बहिणींच्या हक्काचे बघा. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलीलाही मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आहे. दोघा भावांनी सह्या केल्या आणि बहीण मागाहून दारात उभी राहिली, तर दोष तिचा नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातला तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा पाहा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. मूळ खरेदीखत न दाखवता मालक नुसती झेरॉक्स दाखवीत असेल, तर मूळ कुठे गहाण आहे ते शोधा.

आता शेजार. घर दुपारी दोनला पाहू नका. निदान तीनदा पाहा. एकदा पाळी सुटते त्या वेळी, म्हणजे तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरांच्या रांगेत आपला मुलगा किती वेळ अडकणार ते कळेल. एकदा रात्री, म्हणजे जवळच्या शेडमधले प्रेस मशीन चालते का आणि वाऱ्यावर कसला वास येतो ते समजेल. आणि एकदा भर पावसात. पाणी किती दिवसांआड येते ते मालकाला विचारू नका. शहरात २०१९ साली दिवसाआड पाणी सुरू झाले, तेव्हापासून कुणाचे पिंप किती मोठे आहे यावरून गल्ली ओळखता येते. शेजारणीला विचारा. सांडपाणी शहराच्या गटारात जाते की अंगणातल्या शोषखड्ड्यात, तेही बघा.

एवढे झाले की मग भिंतींकडे वळा. गिलाव्यावरच्या केसासारख्या रेघांना भिऊ नका. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना दिसणारी भेग म्हणजे पाया हलल्याची खूण असू शकते. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. मुरुमापर्यंत पाया गेला नसेल तर घर तिच्याबरोबर हलते. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ठेवावी. काही महिन्यांत ती तडकली, तर भेग अजून चालू आहे. स्लॅबला खालून काठीने ठोका. आवाज बद्द आला, किंवा पापुद्रे सुटून गंजलेली सळई दिसली, तर खर्च मोठा आहे. भिंतीच्या बुडाशी लोणा, चौकटीला वाळवी, जुनी वायरिंग, हे सगळे टिपून घ्या आणि एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनियरला फी देऊन दाखवा. बैल घेताना आपण दात मोजतो, चालवून पाहतो. इथे तर आयुष्याची पुंजी घालायची आहे.

त्या गुरुजींनी पुढे दोन वर्षांनी दुसरे घर घेतले. त्याची गच्ची गळत होती, न्हाणीघराची भिंत ओली होती, आणि रंग तर उडूनच गेला होता. पण जागा उंचावर, कागद स्वच्छ, बहिणींच्या सह्या झालेल्या. मी विचारले, "गुरुजी, एवढं गळकं घर कसं घेतलंत?" ते हसून म्हणाले, "गच्ची गवंड्याला सांगता येते. नदीला कोण सांगणार?"